पुढचे दात

मेहुण्याचं नाव स्क्रीनवर लाल झालं आणि दाजींनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

दाजी कृत्रिम दात बनवणाऱ्या लॅबचे मुख्य कारागीर. मालकांनी नवा प्रोग्रॅम आणला होता. हजेरी, रजा, कामाचा वेग सगळं चाळून तो म्हणे, कोण नोकरी सोडणार ते आधीच सांगतो. लाल म्हणजे गेलाच समजा. आणि लाल कोण, तर दाजींनी ज्याच्या हातात दातांवर रंगाचे थर चढवायचा पहिला ब्रश दिला तो बायकोचा सख्खा भाऊ!

"सरळ विचारा की त्याला," घरी बायको म्हणाली.

"विचारलं तर खरं सांगणार आहे का?"

विचारलं नाहीच. मनात एकदा संशय शिरला की त्याला काहीही पुरतं. मेहुणा फोनवर हळू बोलला, तर समोरच्या लॅबवाल्यांशीच बोलत असणार. अर्धी रजा मागितली, तर मुलाखतच. तो चहाला गेला तेव्हा दाजींनी चक्क त्याचा ड्रॉवर उघडला. आत एक झिजलेला ब्रश आणि खोकल्याच्या गोळ्या.

लॅबचा एक अलिखित नियम होता. पुढचे दात, जे हसताना चारचौघांना दिसतात, ते भरवशाच्या हाताला, दाढा नवशिक्यांना. दाजी मेहुण्याच्या टेबलावर दाढा धाडू लागले. उद्या जाणाऱ्याला नाजूक काम द्याच कशाला? मेहुणा मुकाट्याने दाढा करत राहिला.

मग एका संध्याकाळी त्याने एप्रनची घडी समोर ठेवली.

"दाजी, मी उद्यापासून येत नाही."

"समोरच्यांकडे चाललास ना? माहीत होतं मला!"

"कुणाकडेच नाही. शोधीन कुठेतरी. माझं काय चुकलं, तेवढं सांगा. किती दिवसांत पुढचा दात दिला नाहीत मला."

"आणि त्या अर्ध्या रजा?"

"घर बघत होतो. इथेच, मागच्या गल्लीत. ताईला कळू द्यायचं नव्हतं एवढ्यात."

दाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'थांब' म्हणायचं सोडून ते एप्रनची घडी नीट करत बसले. मेहुणा जिना उतरून गेला.

सकाळी मालकांना कळलं तर ते खूशच झाले. "बघा! मशीन म्हणालं होतं की नाही?"

"मशीनने नाही, मी घालवला त्याला," दाजी म्हणाले.

मालकांना ती थट्टा वाटली. हसतच त्यांनी स्क्रीनवरचं दुसरं लाल नाव दाखवलं. "आता याच्यावर लक्ष ठेवा."