डाव्या खांद्याची रायफल

"उचल आणि लाव खांद्याला," गिडियन म्हणाला.

मी रायफल उचलली. ना नक्षी, ना चांदी. अक्रोडाचा साधा दस्ता, लोखंडी नळी आणि चकमकीचा खडा चिमटीत धरलेला घोडा. गालाला लावली तर दस्ता आखूड आणि घोडा भलत्याच बाजूला.

"अरे, हा डावीकडे बसवलास की!"

"ती डावखुरी होती ना, डॉक्टर."

ती म्हणजे मिल्का, त्याची बायको. जाऊन दोन वर्षं झाली. गिडियन पेणकर कॉव्हेंट्रीतल्या एका कारखान्यात आयुष्यभर टूलमेकर होता. रविवारी दोघं क्लबात जुन्या पद्धतीच्या बंदुका उडवायला जायची. तिथल्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. मिल्का डाव्या खांद्यावरून उडवायची आणि ठिणग्या तिच्या चष्म्यावर.

"गिडू, माझ्या मापाची कधी करणारेस?"

"रिटायर झालो की लगेच."

तो रिटायर झाला, तेव्हा ती हॉस्पिटलात होती.

आता, मी थापा मारतो हे इथल्या अख्ख्या मराठी मंडळाला ठाऊक आहे. ग्लासगोला ज्याचं डेथ सर्टिफिकेट लिहायला बसलो, त्यानेच मला पेन दिलं, हे सांगितल्यापासून तर माझ्यावर कुणी विश्वासच ठेवत नाही. पण गिडियनच्या शेडमधलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

ही रायफल घडवायला रोज सकाळी गिडियन चहाचे दोन मग घेऊन बागेतल्या शेडमध्ये जायचा. एकदा मीही गेलो. दस्ता आवळून धरणाऱ्या व्हाइसच्या डाव्या बाजूला लाकडाचा ताजा भुसा पडला होता.

"माझा उजवीकडे पडतो," तो म्हणाला. "हा तिचा. माझं काम तिला कधी पसंत पडलंय?"

"मग खूश हो की, लेका!"

"कसला खूश? बंदूक पुरी झाल्यावर ती येईल कशाला?"

तेव्हा कुठे मला कळलं, हा महिनाभर तोच दस्ता का घासत बसलाय.

शेवटचा स्क्रू त्याने मुद्दामच लावला नाही. मिल्काच्या रिकाम्या मगमध्ये टाकला आणि शेडला कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडताना मी सोबत होतो. मगमध्ये काही नव्हतं. स्क्रू आपल्या जागी, घट्ट बसलेला.

शेडची दुसरी किल्ली माझ्याकडे असते, हे खरंय. पण मला स्क्रू पिळता येत नाही. माझ्या बायकोला, सीमाला विचारा, मी जोडलेलं तिचं कपाट अजून तिरकं आहे.

गिडियनने त्या स्क्रूवरून अंगठा फिरवला.

"घाई झालीये बाईला," एवढंच म्हणाला.

बार काढताना नळी फुटत नाही ना, याची बर्मिंगहॅमला परीक्षा झाली, शिक्का बसला. रविवारी क्लबात त्याने रायफल स्वतःच्या डाव्या खांद्याला लावली. माप तिचं, त्यामुळे हा उंच माणूस अंग चोरून उभा. चाप ओढला. ठिणगी, धूर, मग दणका. गोळी कुठे गेली ते त्याने पाहिलंच नाही. त्याने आधी चष्मा काढला आणि काचा उजेडात धरून बघितल्या. स्वच्छ होत्या.

सोमवारी सकाळी मी शेडमध्ये डोकावलो. दोन मगमधून वाफ निघत होती. व्हाइसच्या डावीकडे काही नव्हतं, उजवीकडेही नव्हतं. गिडियनने तरी कोपरान् कोपरा झाडला, मग सुपली हळूच, जपून उचलली आणि बाहेर मिल्काच्या गुलाबाच्या वाफ्यावर नेऊन उपडी केली.

रिकामी.