कोंडवाड्यातली फाइल

त्या हिवाळ्यात बशीरच्या मागे अपग्रेडचं शुक्लकाष्ठ लागलं. समुद्राकाठच्या स्फॅक्स शहरातून जैतुनाचं तेल परदेशी पाठवणाऱ्या कंपनीत संगणकांचं सगळं तो एकटाच बघायचा. इटलीतल्या खरेदीदारांनी अट घातली होती: तुमच्या प्रत्येक संगणकावर सुरक्षा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हवी, नाहीतर आमच्याशी असलेली जोडणी बंद. खोलीत बसून एक बटण दाबलं की सगळीकडे आपोआप चढेल, असं विकणारा सांगून गेला होता. विकणाऱ्याचं काय जातं सांगायला!

बऱ्याच ठिकाणी चढलं, काही ठिकाणी अडलं. गोदामातल्या एका संगणकाचं घड्याळ कित्येक वर्षं मागे पडलं होतं, त्यामुळे नव्या आवृत्तीचं प्रमाणपत्र त्याला अजून जन्मालाच आलेलं नाही असं वाटत होतं. बशीरने आतली बॅटरी बदलली, काम झालं. हिशेब विभागात दोन निरनिराळी सुरक्षा सॉफ्टवेअरं एकमेकांच्या उरावर बसली होती. त्यांची सोडवणूक करता करता त्याचा अख्खा दिवस गेला. शेवटी उरला एकच संगणक. तेल तपासणीच्या खोलीतला, मन्नूबियाचा.

मन्नूबिया आलेल्या तेलाची आम्लता मोजायची आणि नोंदवायची. साठीला टेकलेली, अंगाने भरलेली, जिभेने तिखट. ट्रकवाल्यांपासून मालकापर्यंत सगळे तिला मावशी या अर्थाने 'खालती' म्हणत. तीन वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा हमदी तिला न सांगता, चोरून इटलीला जाणाऱ्या नावेत बसला. नाव तिकडे पोचली नाही, इकडे परतही आली नाही. तेव्हापासून मन्नूबियाचा तिखटपणा तेवढा राहिला, हसणं गेलं.

तिच्या संगणकाच्या नोंदी वाचताना बशीरच्या लक्षात आलं, की नवी आवृत्ती दर वेळी नीट येते, जुनी काढायला सुरुवात होते आणि नेमकी त्याच क्षणी जोडणी तुटते. मग सगळं पूर्वीसारखं. वायर खराब असती तर केव्हाही तुटली असती. इतकी वक्तशीर वायर त्याने पाहिली नव्हती.

तो तिच्या खोलीत गेला. मन्नूबिया काचेच्या नळीत तेल ओतत होती. तिने मानही वर केली नाही.

"आलास? तुला सांगितलं होतं ना, माझ्या संगणकाच्या वाटेला जाऊ नकोस म्हणून."

"खालती, वायर बदलून बघतो फक्त."

"वायरला काही धाड भरलेली नाही."

"मग जोडणी तुटते कशी?"

"मी उपटते." तिने नळी खाली ठेवली. "तुझी ती पाटी पडद्यावर आली रे आली, की मी उपटते. जा, सांग व्यवस्थापकाला, सी रिदाला. काढून टाका म्हणावं म्हातारीला."

बशीर स्टूल ओढून बसला. तिला ते अपेक्षित नव्हतं. मग तीच बोलायला लागली.

"हमदी गेला त्याच उन्हाळ्यात मला एक मेल आला. तुमचा मुलगा हमदी सिसिलीत एका छावणीत आहे, सोबत त्याचे फोटो पाठवतोय, असा. मी उघडायला गेले तर तुझ्या त्या राखणदाराने लाल पाटी दाखवली. धोकादायक फाइल हटवली म्हणे. माझा पोरगा धोकादायक?" तिचा आवाज चिरकला. "पुन्हा लिहिलं त्या पत्त्यावर, एकदा नाही, दहादा. उत्तर नाही. तेव्हा तुझ्या जागी जो होता तो म्हणाला, हटवली म्हणजे हटवली. पण मला वाटतं, असेल अजून आत कुठेतरी. आणि हा नवा राखणदार येताना जुनं सगळं झाडून घेऊन गेला तर?"

तसं काही नसतं, असं म्हणायला बशीरने तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तसंच होतं. जुनी आवृत्ती संशयित फायली नष्ट करत नसे, क्वारंटाइनमध्ये, म्हणजे एका कोंडवाड्यात, डांबून ठेवत असे. तो वेळोवेळी रिकामा करायची सोय या संगणकावर कुणी लावलीच नव्हती. पण नवी आवृत्ती दुरून आपोआप चढली की जुना कोंडवाडा न विचारताच मोडायचा, आतल्या फायलींसकट. बाईला यातलं काहीही ठाऊक नव्हतं, तरी तिने बरोबर ओळखलं होतं.

त्याने कोंडवाडा उघडून पाहिला. आत एकच ओळ होती, तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातली.

"आहे," तो म्हणाला, आणि शब्द सुटताक्षणी त्याला तो परत गिळावासा वाटला. फायलीचं नाव फोटोचं होतं, पण ठिपक्यानंतरचं शेपूट फोटोचं नव्हतं. ती कुठल्या जातीची आहे हे त्याला तिथेच कळलं.

मन्नूबियाने त्याचं मनगट धरलं. तेलाने माखलेली बोटं. "उघड."

"इथे नाही उघडता येणार. कशालाच जोडलेला नाही असा एक संगणक आहे माझ्याकडे, त्याच्यावर उघडावी लागेल. उद्या सांगतो."

"इतकी वर्षं थांबले, उद्यापर्यंत थांबते," ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता, की बशीरला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ती फाइल कोपरान् कोपरा तपासली. आत फोटो नव्हता. लोकांचे पासवर्ड चोरून कुठेतरी धाडणारा एक फुटकळ प्रोग्राम, वर फोटोचं सोंग. नाव बुडाली की आया फेसबुकवर मुलांची नावं, चेहरे, आपले पत्ते टाकायच्या, कुणी पाहिलंय का म्हणून विचारायच्या. हे लांडगे तिथूनच एकेक आई वेचायचे.

व्यवस्थापक सी रिदा, म्हणजे रिदासाहेब, कॉफीचा पेला घेऊन डोकावले. बशीरने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"सांग, फाइल सडली होती, उघडलीच नाही."

"मग त्या जन्मभर वायर उपटत राहतील."

"राहू दे उपटत. एक संगणक जुना राहिला म्हणून आभाळ कोसळत नाही. इटलीवाल्यांचं मी बघतो. अरे, आईला जगायला काहीतरी लागतं की नाही?"

बशीरला ते पटलं. फाइल सडली होती, हे वाक्य मनात घोळवतच तो तपासणीच्या खोलीकडे निघाला.

मन्नूबिया ठेवणीतला कोट घालून आली होती. टेबलावर फडकं अंथरून त्यावर मक्रूदच्या वड्यांचा डबा उघडून ठेवला होता. खजुराचा आणि तुपाचा वास खोलीभर पसरला होता. बशीरसाठी खुर्ची पुसून ठेवली होती.

"बस. आधी तोंड गोड कर," ती म्हणाली. मग त्याच्याकडे नीट पाहिलं. "आणि खोटं बोलायचं असेल तर तोंडात घास असतानाच बोल. म्हणजे मला कळायचं नाही."

बशीरने हातातला मक्रूद खाली ठेवला.

"फोटो नाहीत, खालती. कधी नव्हतेच. चोरांनी पाठवलेली फाइल होती ती."

"पूर्ण उघडलीस?"

"पूर्ण."

"त्यात हमदीचं नाव होतं."

"नाव तुम्हीच फेसबुकवर लिहिलं होतं. त्यांनी तिथून उचललं."

बाहेर कुणा ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, मग दुसऱ्याने. मन्नूबिया जागची हलली नाही.

"म्हणजे तो राखणदार खरं बोलत होता," ती शेवटी म्हणाली, "आणि मी रोज त्याला शिव्या घातल्या."

ती रडली नाही. डब्याचं झाकण लावू लागली, पण ते काही केल्या बसेना. एक कड दाबली की दुसरी उचलायची. बशीरने पुढे होऊन ते लावून दिलं.

"चढव तुझं ते नवं."

"आज राहू दे, खालती."

"आजच. मी इथे बसून बघणार."

त्याने काम सुरू केलं. पडद्यावर पट्टी हळूहळू सरकत राहिली. हाताने चढवताना येतो तसा मध्ये प्रश्न आला: जुन्या कोंडलेल्या फायली कायमच्या हटवायच्या का? बशीरचा हात अडखळला. मन्नूबियाने त्याचा हात बाजूला सारला आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. त्यानंतर ती आठवडाभर कामाला आली नाही.

समुद्रातून वाहून आलेल्या बेवारस मृतदेहांशी जुळवून बघायला सरकारी इस्पितळात नातेवाइकांची लाळ घेत. बाकीच्या आया केव्हाच देऊन आल्या होत्या. मन्नूबिया मात्र म्हणायची, "माझा तिकडे सिसिलीत आहे, मी कशाला जाऊ मेलेल्यांच्या दारात?" कामावर परतली त्या दिवशी ती सरळ बशीरच्या खोलीत आली.

"तुझ्या गाडीत जागा आहे?"

"कुठे जायचंय?"

"इस्पितळात. एकटीने पाय उचलत नाहीत, बाळा."

तो घेऊन गेला. नर्सने तिच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, बस्स, एवढंच. गाडीत परत बसल्यावर मन्नूबिया म्हणाली, "एवढ्याशा कामाला मी इतकी घाबरत होते."

बदामाची झाडं फुलून गेल्यावर इस्पितळातून फोन आला. जुळलं होतं. नाव बुडाल्यानंतर काही दिवसांतच हमदी किनाऱ्याला लागला होता आणि त्याला गावाबाहेरच्या कब्रस्तानात पुरलं होतं, नुसता एक आकडा लिहून. मन्नूबिया मेल उघडायला धडपडत होती, त्या पत्त्यावर पुन्हा पुन्हा लिहीत होती, तेव्हा तो कंपनीपासून एका बसच्या अंतरावर होता.

नावाचा दगड बसवला त्या दिवशी सी रिदांनी कंपनी दुपारीच बंद केली. फातिहा म्हणून झाल्यावर माणसं एकेक करून पांगली. मन्नूबिया मातीत बसून राहिली. तिने दगडावरून हात फिरवला, आणि मग इतकी वर्षं कोंडलेलं सगळं एकदम फुटलं. "सांगितलं असतंस तर मी जाऊ दिलं नसतं," ती हुंदक्यांमधून दगडाला म्हणत होती, "म्हणूनच नाही ना सांगितलंस? बोल की रे. म्हणूनच ना?"

बशीरने तिला उठवायला हात पुढे केला. ती उठेना. मग तोही शेजारी मातीत बसला.