माहेरवाटेचं वंगण

बॅटरीवरची रिक्षा घेतली तेव्हाच रेवारामनं राजकुमारीला शब्द दिला होता, की आता चिचगडला, तुझ्या माहेरी, मीच नेईन. दोनदा निघाले. दोन्ही वेळा अर्ध्या जंगलात चार्जिंग संपलं आणि रिक्षा ट्रॅक्टरला बांधून परत आणावी लागली.

"आज पोहोचलो तं पोहोचलो," राजकुमारी म्हणाली. "नाहीतं यापुढं माही एसटीच बरी."

म्हणून त्या गारठ्याच्या सकाळी दोघं आधी अर्जुनीला, मुन्ना मिस्त्रीकडे गेली. मुन्नानं रिक्षा जॅकवर चढवून मागचं चाक हातानं फिरवलं. अर्धा वेढा घेतला नाही तोच ते पेंगल्यासारखं थांबलं. चाकाचं टोपण उघडलं तर काळं, चिकट वंगण भसकन बाहेर आलं.

"काका, हे कायचं भरलं जी?"

"बैलबंडीचं. चांगलं ठासून भरलो. काऊन?"

"बंडीले चालते. इथं मोटर हेच घुसळून राहिली. थंडीत तं अजून घट्ट होते. बॅटरी बिचारी करन का?"

रेवारामचा चेहरा उतरला. त्यांच्या घराण्याची रीतच तशी. बाईला माहेरी नेताना बंडीचा आख वंगणानं निथळता हवा. बंडी कुरकुरत दारात आली, तर लेक सुखात नाही असं माहेरचे समजत. म्हणून दर वेळी निघण्याआधी त्यानं मायेनं, ओंजळीओंजळीनं भरलं होतं.

मुन्नानं चाकं डिझेलनं धुतली, पुसली आणि बेअरिंगच्या छर्र्यांना फिकट, मऊ ग्रीस बोटानं लावलं.

"एवढुसंच? सासुरवाडीले जाऊन राहिलो, बाबू. कंजुसी नोको करू."

राजकुमारीनं तोंडाला पदर लावला. "भाजीत तेल जास्त झालं का मले बोलता, आन् चाकाले घागरभर पाजता का जी?"

मोहाची झाडं मागे पडू लागली. दोनदा जिथं अडकले ते वळण आलं. रेवारामनं मीटरकडे बघायचं टाळलं. राजकुमारी मागून वाकून बघत होती.

"निम्मी बाकी हाये," ती कानाशी म्हणाली. वळण गेलं. चाकांचा आवाजच नव्हता.

चिचगडला भावाच्या दारात रिक्षा थांबली. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. राजकुमारी मात्र हलली नाही.

"उतर ना वो," रेवाराम म्हणाला.

"चार्जिंग हाये ना अजून? मंग गावातून एक फेरी मारा. मैत्रिणीयले दिसू द्या, कोन आणलन मले."

रेवारामनं रिक्षा वळवली, आणि अगदी हळू चालवली.