तीस हजार एकतीस

ठाण्याच्या बाजारात मी मांदेलीचे वाटे लावायला बसले की चित्रा, माझी एकुलती एक पोर, दप्तर घेऊन पाठीमागे बसायची. वाटे सगळे सारखे हवेत, आणि शेवटी एखादी मांदेली उरलीच तर ती विकायची नाही, घरच्या कालवणात टाकायची, ही सासूची शिस्त. गिऱ्हाईक तीच मागायचं. मी म्हणायची, ती तुझ्या नशिबाची नाही.

पुढे पोर कॉलेजात गणित शिकली. एकदा म्हणाली, आये, तुझ्यासाठी आकडा काढलाय. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, यांचा गुणाकार करायचा आणि वर एक मिळवायचा. तीस हजार एकतीस. यांतले कितीही वाटे लाव, शेवटी एक उरणारच.

मला आकडा आवडला. कुणाच्या हाताने न तुटणारा. शेजारी बसणाऱ्या सगुणाला तर ऐकून ऐकून पाठ झाला. नवरा गेल्यावर दीर घराची वाटणी मागायला आले, त्यांनाही तोच ऐकवला. कळला काही नाही त्यांना, पण गेले.

मग चित्राला डोंबिवलीत कॉलेजात नोकरी लागली आणि ती तिकडेच राहू लागली. एक्क्याण्णव साली एका रविवारी आली. ब्लॉक घ्यायचा होता. एका खोलीचा की दोन खोल्यांचा, ते सोमवारी बिल्डरला सांगायचं होतं. दुसरी खोली माझ्यासाठी. आधीही विचारून झालं होतं तिचं. यापुढे विचारणार नाही, हेही तिनेच सांगितलं.

मी म्हटलं, खाडी सोडून त्या काड्यापेटीत मी यायची नाही. तुझा तो आकडा आहे ना, तशी आहे मी.

तिने चहाचा कप खाली ठेवला.

“आये, तो तुटतो.”

“कसा तुटतो?”

“एकोणसाठ वाटे लाव. एकेकात पाचशे नऊ. काही उरत नाही. मी तेरापर्यंतच सांगितलेलं. पुढचं तूच धरून बसलीस.”

“एकोणसाठ वाटे कोण लावतं गं? मास्तरीण झालीस ती पोरांना. मला शिकवू नकोस. एकच खोली घे.”

चहा अर्धा ठेवून ती गेली. मी दारापर्यंतही गेले नाही.

नंतर ओट्यावर बसून हिशेब केला. पाटी-पेन्सिल माझ्या कामाची नाही, बाजारात करतो तसा तोंडी केला. साठ वाटे धरले. पाचशेचे तीस हजार, वरच्या नवाचे पाचशे चाळीस. त्यातला एक वाटा उचलला, पाचशे नऊ कमी. राहिले तीस हजार एकतीस. पुन्हा केला. तेवढेच.

पोरीचं बरोबर होतं. तसं म्हणायला मी तोंड उघडलंही, पण घरात ऐकायला कोण होतं?

महिन्याने सगुणा बातमी घेऊन आली, चित्राने एकाच खोलीचा ब्लॉक घेतला. मी म्हटलं, बरं केलं, झाडायला सोपा. ती अजून काही सांगायला थांबली होती. मी तिला थांबू दिलं नाही.