लोर्नाच्या उंचीची वलणी

अंगावर कपडे नसले की मला कोणी ओळखत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. मी वलणी. परसातली, फिरती वलणी. मधे एक लोखंडी खांब, त्याला चार हात आणि हातांवरून ताणलेल्या तारा. खांबाला दांडा आहे, तो फिरवला की मी वर-खाली होते. वारा आला की आपली आपण गरगरते. मेलबर्नच्या आमच्या कोबर्ग भागात पूर्वी घर तिथे वलणी असायचीच. आता लोक यंत्रात कपडे वाळवतात. वाळवोत बापडे!

मला इथे रोवलं आल्बी ट्रेवीननं, लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात. आल्बी ट्रॅम चालवायचा. साडेसहा फूट उंच. त्याची बायको लोर्ना जेमतेम पाच फुटांची. खांबाभोवतीचं सिमेंट वाळल्यावर त्यानं तिला माझ्याखाली उभं केलं, हात वर करायला लावला आणि दांडा फिरवून मला बरोबर तिच्या बोटांपर्यंत खाली आणलं. तेव्हापासून माझी उंची बदललेली नाही. पन्नासहून जास्त वर्षं आल्बीचं कपाळ माझ्यावर आपटतंय आणि तो मला शिव्या घालतोय.

लोर्नाचे नियम फार कडक. धुणं सोमवारी. चादरी बाहेरच्या तारांवर, आणि चड्ड्या-बनियनं आतल्या तारांवर, चादरींच्या आड. शेजाऱ्यापाजाऱ्यांना काही दिसता कामा नये. आणि ऊन उतरायच्या आत सगळे कपडे काढायचे, नाहीतर दव पडतं. आल्बीनं तेव्हा कधी चिमट्यालासुद्धा हात लावला नाही. "तुझ्यापेक्षा ट्रॅम सोपी गं बाई," म्हणायचा आणि घरात पळायचा.

मग लोर्ना विसरायला लागली. आधी चिमटे कुठे ठेवले ते विसरली, मग सोमवार विसरली, मग आल्बीलाच विसरली. दोनदा शेगडी तशीच जळत राहिली. शेवटी तीन गल्ल्या पलीकडच्या वृद्धाश्रमात तिला ठेवावं लागलं. तिथे सगळ्यांचे कपडे एकत्र धुतात, हिचे हरवायचे. म्हणून आल्बी तिचं धुणं दर आठवड्याला घरी आणायला लागला. पहिल्याच सोमवारी पठ्ठ्यानं स्वतःच्या पाच चड्ड्या बाहेरच्या तारेवर ओळीनं टांगल्या!

"आल्बी काका, अहो आत घाला त्या, आत! माझ्या स्वयंपाकघरातून दुसरं काही दिसेना झालंय," कुंपणापलीकडून नेर्मिन ओरडली. नेर्मिन तुर्की आहे, घरी शिवणकाम करते. त्यांच्यात वडीलधाऱ्या शेजाऱ्याला काकाच म्हणतात.

तिलाच एकदा आल्बीनं कुंपणाशी उभं राहून सांगितलं, "ओळखत नाही ती मला. पण उन्हात वाळलेला उशीचा अभ्रा हातात दिला ना, की नाकाला लावते आणि म्हणते, 'हे आमच्या घरचं.' मग माझा हात धरून बसते."

त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला. आजवर कोणी मला इतकं मोठं काम दिलं नव्हतं.

आणि मग तो कोरोनाचा आजार आला. जुलैत सगळं शहर पुन्हा घरात कोंडलं गेलं. दिवसातून एक तास फिरायला बाहेर पडायचं, तेही जवळपासच. वृद्धाश्रमाचं दार बंद झालं. माणूस आत नाही आणि कपडेही आत नाहीत. त्या आठवड्याच्या धुण्यातला एकच अभ्रा आमच्याकडे राहिला होता, जांभळी फुलं भरलेला. लोर्नानंच भरलेली.

पहिले काही सोमवार आल्बीनं तो धुतला, टांगला, घडी केली. मग एक सोमवार तो बाहेर आलाच नाही. दुसराही गेला. घराचे पडदे ओढलेले. इतके दिवस मी रिकामी कधीच राहिले नव्हते. मला भीती वाटायला लागली. माझ्या तारा वाऱ्यानं वाजायच्या, पण ऐकायला होतं कोण?

नेर्मिननं ओळखलं. कुंपणावर झाऱ्यानं ठकठक करत राहिली. "काका! बाहेर या. नाहीतर नियम गेला खड्ड्यात, मी कुंपणावरून उडी मारेन, आणि माझे गुडघे कसे आहेत ठाऊक आहे ना?"

बऱ्याच वेळानं दार उघडलं. दाढी वाढलेली, अंगात झोपायचाच सदरा.

"कशाला धुवायचं गं?" आल्बी म्हणाला. "तिला न्यायचं नाही. मलाही कुठे जायचं नाही."

"आणि उद्या दार उघडलं तर? अभ्रा दोन आठवडे कपाटात पडलाय. कपाटाचाच वास येत असेल त्याला. ऊन म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत टिकायला?"

आल्बी आत जाऊन अभ्रा घेऊन आला. कपाळ आपटलंच माझ्यावर, आणि दिली एक सणसणीत शिवी. हुश्श! मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

त्यानंतर सोमवार चुकला नाही. नुसता सोमवारच कशाला, तो रोजच बाहेर यायला लागला. माझ्या खांबाशी खुर्ची टाकून बसायचा. वारा उत्तरेचा की दक्षिणेचा, हे त्याला माझ्या फिरण्यावरून कळायला लागलं. मागच्या वॅटलच्या झाडाला पिवळी फुलं आली, ती अभ्र्यावर पडायची आणि तो एकेक वेचून काढायचा. पन्नास वर्षं या परसात राहून हे झाड कधी फुलतं ते त्याला माहीत नव्हतं!

मॅगपाय पक्ष्यांची एक जोडी नेर्मिनच्या शिवणातले धागे नेऊन उंच निलगिरीवर घरटं बांधत होती. सकाळी नर माझ्या हातावर बसून गायचा आणि आल्बी चहा थंड होईपर्यंत ऐकायचा. पिल्लं झाल्यावर मात्र तोच नर आल्बीच्या टाळक्यावर झडप घालायला लागला. मग आल्बीनं आईस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर घातला, हा पक्षी नजर चुकवून मागून येतो म्हणून त्याला मागच्या बाजूनं दोन मोठे डोळे रंगवले आणि त्या थाटात धुणं वाळत घातलं. नेर्मिन कुंपण धरून हसत सुटली. आल्बीही हसला. किती महिन्यांनी!

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी वृद्धाश्रमातून फोन आला. एकच माणूस, पंधरा मिनिटं, तोंडावर मास्क. आल्बीनं दाढी केली. अभ्रा माझ्यावरून काढला तेव्हा तो ऊन ऊन होता. कोटाच्या आत छातीशी धरून तो निघाला.

परत आला तेव्हा नेर्मिन कुंपणाशीच उभी होती. "ओळखलं?"

आल्बीनं मान हलवली. "नाही. कोण हा परका माणूस, अशी बघत राहिली. मग अभ्रा दिला. नाकाला लावून डोळे मिटून बसली. मग मला म्हणते, 'तुम्ही आमच्या गल्लीतले का हो? आल्बी भेटला तर सांगा त्याला, ऊन उतरायच्या आत कपडे काढ म्हणावं. फार विसरतो तो.'"

नेर्मिननं ओढणीनं डोळे पुसले. आल्बीनं छपराकडे पाहिलं. ऊन उतरायला आलं होतं. तो माझ्याकडे आला, कपाळ आपटलं, पण शिवी दिली नाही. बाहेरच्या तारांवरच्या चादरी काढल्या, आतल्या तारांवरचे कपडे काढले. एकेक चिमटा टोपलीत टाकला.

लोर्नाला जाऊन आता दोन वर्षं झाली. आल्बी थकलाय. मी गंजलेय, माझा एक हात वाकलाय. परवा त्याचा भाचा दांड्याला हात घालून म्हणाला, "मामा, वर करू का ही? रोज टाळकं फोडून घेतोस."

"हात लावशील तर बघ," आल्बी म्हणाला.

उद्या हे घर दुसऱ्या कोणाचं होईल. तुमचंही होईल कदाचित. माझ्यावर काय हवं ते टांगा, कपाळ आपटलं तर खुशाल शिव्या द्या, मला सवय आहे. एवढंच करा, दांडा फिरवायच्या आधी हात वर करून एकदा माझ्याखाली उभे राहा. जिथे तार हाताला लागेल ना, तिथवर लोर्नाचा हात पोचायचा.