बाकीचं सामान वेगळं

ॲन्सेल्मने काउंटरची काच फडक्याने पुसली आणि तीन खोकी शेजारीशेजारी मांडली. एक मोठं काळं, एक पांढरं, आणि तिसरं कोपऱ्यात चेपलेलं, लहानसं. मग टेबलफॅनचं तोंड लतिकाबाईंकडे फिरवून तो म्हणाला,

"वहिनी, पाणी तरी घ्या. उपासाला चालतं ना?"

"चालतं हो. घरी जाऊन घेईन."

अधिक महिना लागून बारा दिवस झाले होते. एक वेळचं जेवण, पहाटे देवापुढे तेहतीस वाती. ज्येष्ठातल्या उकाड्यातही लतिकाबाईंचा नेम चुकला नव्हता. वाती उजळताना मागणं एकच असे: पोरीची पावलं या घराला लागत राहू देत. आचोळ्याहून तिच्या सासरचं फुलपाडा काही परदेश नाही, नालासोपाऱ्यानंतर पुढचंच स्टेशन विरार. पण लग्नाला सव्वा वर्ष झालं, उन्नती माहेरी तीनदा आली होती.

आज चौथी खेप. तीही आचोळ्याला नाही, इथे माणिकपूरला, या दुकानात. ती शेजारच्या स्टुलावर बसली होती, आणि दुकानातल्या घड्याळासमोरची जागा तिने आपणहून निवडली होती की काय, मान सारखी वर जात होती.

"सासूबाई पाचपर्यंत ये म्हणाल्यात," तिने आल्याआल्याच सांगून ठेवलं होतं.

लग्न ठरलं तेव्हा विहीणबाई म्हणाल्या होत्या, "मुलगी आणि नारळ द्या, आम्हाला दुसरं काही नको." लतिकाबाईंनी त्या संध्याकाळी सोसायटीच्या चारही मजल्यांवर पेढे वाटले होते. पुढे दिवाळसणाला जावयाची अंगठी झाली. संक्रांतीला कपडे धुण्याचं मशीन झालं. आता अधिकाचं वाण. तेहतीस अनारसे, तांब्याचं ताट, वर दिवा. आणि त्या ताटाशेजारी हे. मागितलं असं कोणी म्हणू नये. विहीणबाई फोनवर एवढंच बोलल्या होत्या, "हर्षवर्धनला त्या नव्या टीव्ही गेमची फार हौस हो. कुठलाही चालेल, तुमच्या ऐपतीप्रमाणे बघा." उन्नतीच्या बाबांनी दुसऱ्याच दिवशी फंडातून पैसे काढले आणि पाकीट बायकोच्या हातात दिलं. स्वतः मात्र दुकानात आले नाहीत.

"हं, आता समजावून सांगा," लतिकाबाई म्हणाल्या. "मला यातलं काही कळत नाही."

"पोरीला विचारा की! कळत नाही कसं?" ॲन्सेल्म हसला. "बाय, ते कॅसेटवालं गेमचं मशीन तू माझ्याकडनंच नेलेलं ना? कॅसेट चालली नाही की फू फू करून फुंकर मारायची. सगळ्या आचोळ्याची पोरं हरवलेलीस तू."

"अजून माळ्यावर आहे ते, अंकल," उन्नती म्हणाली. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं आणि थांबलं.

ॲन्सेल्मला आपल्या विषयाचं बोलायला मिळालं की गिऱ्हाईक घेतंय की नाही याचं भान राहत नसे. त्याने काळ्या खोक्यावर थाप मारली.

"हे सोनीचं. गेल्याच महिन्यात आलं. चाळीस हजार. महाग वाटतं, पण आत सगळं आहे. हार्ड डिस्क आत, नव्या जातीच्या सीडीचा प्लेयर आत, वायरलेस आत. एकदा दिलं की विषय संपला. आणि सांगू? चाळीस हजाराला देऊनपण कंपनी तोट्यात आहे म्हणतात."

"तोट्यात? मग विकतात कशाला?"

"मशीन घरात घुसलं पाहिजे ना, वहिनी! एकदा घरात गेलं की माणूस जातो कुठे? मग गेमची एकेक सीडी अडीच-अडीच हजाराला. कमाई सगळी मागाहून."

लतिकाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. बराच वेळ त्या ते गुंडाळत राहिल्या.

"हे पांढरं मायक्रोसॉफ्टचं. यांची चाल वेगळी. वीस हजारापासून सुरू. दारात पाटी लावायला बरं, वीस हजार! पण या डब्यात हार्ड डिस्क नाही, ती वेगळी घ्या. रिमोटला वायर आहे, बिनवायरचा हवा तर वेगळा. इंटरनेटचं वायरलेस वेगळं. पिक्चर बघायचा प्लेयर, तोपण वेगळा."

"आणि हे चेपलेलं?"

"ते विकायला नाही, माझ्या भाच्याने दुबईहून आणलं. निन्तेंडोचं. आतला माल तसा साधाच. पण किंमत कमी, अन् कंपनीला पहिल्या डब्यापासून नफा. उगाच तोटा सोसून गळाला लावायची भानगड नाही."

"हे बरं आहे," लतिकाबाई हळूच म्हणाल्या. "आहे तेवढ्याचे घेतात, आणि सांगून घेतात."

उन्नतीने पांढऱ्या खोक्याशेजारी मांडलेला नमुन्याचा रिमोट उचलला. तिचे अंगठे आपोआप जागच्या जागी बसले, दोनतीनदा खाली-वर झाले. मग चटका बसल्यासारखा तिने तो परत ठेवला आणि ओढणीच्या टोकाने त्याच्यावरचे बोटांचे ठसे पुसले.

लतिकाबाईंनी ते पाहिलं. त्यांनी पर्सची चेन उघडली.

"काळंच द्या," त्या म्हणाल्या. "काय ते एकदाच होऊन जाऊ दे. मागे काही राहायला नको."

"शहाण्यासारखं बोललात. सुटंसुटं घेत बसलं तर तेवढेच जातात शेवटी, वर माझ्या दुकानाच्या फेऱ्या मारून चपला झिजतात."

"किती फेऱ्या, अंकल?" उन्नतीने विचारलं.

"आँ?"

"पांढरं घेतलं तर. किती फेऱ्या होतील?"

ॲन्सेल्मने बोटं मोजली. "हार्ड डिस्क. दुसरा रिमोट. त्याची चार्जिंगची बॅटरी. वायरलेस. प्लेयर. पाच-सहा कुठे गेल्या नाहीत."

"सगळं एकदम नाही ना घ्यावं लागत?"

"छे. लागेल तसं. दोन महिन्यांनी एक, चार महिन्यांनी एक."

उन्नतीने पांढरं खोकं आपल्याकडे ओढलं. काचेवर ते करकरलं.

"आई, हे घे."

"अगं, काय बोलतेस? तुझे बाबा म्हणालेत, पुरं काय ते देऊन टाका. उद्या त्याची हार्ड डिस्क नाही, परवा आणखी काही नाही. पुन्हा तुलाच बोलतील."

"बोलू देत."

"उन्नती."

ॲन्सेल्मला अचानक मागच्या कपाटात काहीतरी शोधायचं आठवलं. तो पाठमोरा झाला.

उन्नती खोक्यावरच्या चिकटपट्टीची कड नखाने सोलत होती. खाली मान घालून, शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तशा सपाट आवाजात ती म्हणाली,

"चैत्रात मी आले होते ना, आई. वॉशिंग मशीनचं स्टँड द्यायचं राहिलं होतं तुमच्याकडून. ते न्यायला पाठवलं होतं मला. एरवी सोडत नाहीत."

एवढंच. लतिकाबाईंना ती दुपार आठवली. स्टँड बघून यायला उन्नतीचे बाबा बाजारात गेले होते. तेवढ्या वेळात ही स्वयंपाकघरात फरशीवर, हाताची उशी करून, तीन तास झोपली होती. पंख्याच्या वाऱ्याने केस तोंडावर येत होते तरी जाग नाही. लतिकाबाईंनी डाळीची फोडणीसुद्धा खोळंबवून ठेवली होती, चरचरीने उठेल म्हणून. आणि त्यांना वाटलं होतं, देवाने ऐकलं.

पंखा फिरून त्यांच्या तोंडावर आला, पुन्हा गेला. पर्समध्ये पाकिटाशेजारी छोट्या पिशवीत जपाची माळ होती. हात पाकिटाकडे जाताना माळेलाच लागला आणि तिथेच राहिला.

"ॲन्सेल्म," शेवटी त्या म्हणाल्या. "पांढरं द्या."

तो वळला. दोघींच्या तोंडाकडे त्याने एकेकदा पाहिलं आणि काळं खोकं बाजूला सारलं.

"आणि वेगळं काय काय घ्यावं लागतं, ते एका कागदावर लिहून द्या. ज्याच्याशिवाय सगळ्यात आधी अडेल ते वर."

त्याने बिलाच्या वहीतलं एक पान फाडलं. लिहिताना तो एका ओळीवर थांबला, विचार केला, आणि हार्ड डिस्कच्या खाली एक बारीकशी वायरसुद्धा लिहिली. एरवी गिऱ्हाइकांना तो ती फुकट देत असे. उन्नती घड्याळाकडे पाहत उठली. "मी निघते. रविवारी वाणाला यांच्याबरोबर येईन जेवायला." तिने वाकून आईच्या पायांना हात लावला आणि रिक्षा स्टँडकडे झपाझप चालू लागली. पाचला अजून पस्तीस मिनिटं होती. ती धावत नव्हती एवढंच.

लतिकाबाईंनी कागद वाचला. सहा ओळी होत्या.

"हे सगळं मिळत राहील ना?" त्यांनी विचारलं. "मध्येच बंद नाही ना होणार?"

"कंपनी पुढचं मशीन काढेपर्यंत मिळेल, वहिनी. चार-पाच वर्षं धरून चला."

"चार-पाच वर्षं," लतिकाबाई म्हणाल्या. त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती पाकिटात न ठेवता माळेच्या पिशवीत ठेवली. मग खोकं उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा ते बरंच हलकं होतं.