कडेचे सहा मिलिमीटर

मंगळवारी दुपारी नव्या लेझर प्रिंटरमधून आंबेशेतच्या गावठाणाचा नकाशा बाहेर आला, आणि कागदाच्या कडेला जे छापलं गेलं नाही ते गावातूनही गेलं. नकाशा एका मिलिमीटरला एक मीटर असा काढलेला होता. प्रिंटरने चारही बाजूंनी सहा-सहा मिलिमीटर कोरे सोडले, म्हणून गावाची सहा मीटरची किनार गेली. तिच्यात दोन गोठे होते, एक फणस होता आणि जानकी शिगवणचं घर होतं.

हा नकाशा चिपळूणच्या इब्राहिम मुकादमांच्या मोजणी ऑफिसातला. नकाशे काढायला तिथे एक मोठा कॉम्प्युटर होता, त्याला सगळे वर्कस्टेशन म्हणत, आणि तो हेमलता गुढेकर सांभाळायची. वर्कस्टेशनबरोबर आलेला प्रिंटर पावसाळ्यात बंद पडला. त्याचा सुटा भाग यायला तीन महिने लागतील असं कंपनीने कळवलं. तेव्हा हेमलताच म्हणाली, "साहेब, दुसऱ्या कंपनीचा आणू. चार दिवसांत चालवून दाखवते."

"पण आपल्या प्रोग्रॅमला तो ओळखेल का?"

"तो नाही ओळखणार. मी ओळख करून देईन."

तिने खरोखरच बसून तशी फाइल लिहिली. कागद केवढा, रेघ किती जाड, कुठून सुरू करायचं, कुठे थांबायचं, हे सगळं प्रिंटरच्या भाषेत. पहिले तीन दिवस प्रिंटरने नुसते आकडे ओकले. चौथ्या दिवशी नकाशा आला, रेघ न् रेघ स्वच्छ. मुकादमांनी पेढे मागवले.

बुधवारी सकाळी अकराला जानकी शिगवण ऑफिसात आली. साठीची बाई, डोक्यावर लाकडांची मोळी, ती तशीच.

"नकाशा कोण काढतं?"

"मी काढते, मावशी."

"माजं घर नाय. काल लाकडं आणायला गेले, परत आले तर वाट संपलेली. पुढं सगळं पांढरं. पाय ठेवला तर कागदावानी वाजतं."

हेमलताने नकाशा काढून कड पाहिली. मग तिने म्हातारीची मोळी उतरवून घेतली, तिला खुर्ची दिली आणि चहा सांगितला.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "शुक्रवारी नकाशा सरकारी कचेरीत जातो. शिक्का बसायच्या आत घर परत देते."

"शिक्का बसला तर?"

"तर मग ते तसंच."

जानकीने चहा बशीत ओतला. "मग बस कामाला," ती म्हणाली.

हेमलताने सबंध नकाशा सहा टक्क्यांनी लहान केला आणि पुन्हा छापला. आता सगळं कागदात मावलं. जानकीचं घर डाव्या कडेला नीट दिसत होतं, मागच्या परड्यासकट. जानकीने त्यावर बोट ठेवलं, मोळी उचलली आणि एसटी पकडून गेली.

गुरुवारी ती परत आली. कपाळावर टेंगूळ होतं.

"घर हाय," ती म्हणाली. "पण बारीक झालंय. दाराची चौकट डोक्याला लागते. शेजारची पार्वती परवापर्यंत माज्या डोळ्याला डोळा भिडवून भांडायची, आता मान वर करून बघते. तिला इचारलं, तर म्हणते काय बदललं नाय, तूच फुगलीस."

छापताना गाव गावात होतं, त्यामुळे माणसांसकट लहान झालं. जानकी तेवढी ऑफिसात बसली होती.

"तुम्हाला त्यांच्याएवढं करता येईल," मुकादम म्हणाले. "गावात जाऊन उभ्या राहा, आम्ही पुन्हा छापतो."

"साहेब, तेव्हा गाव आणखी लहान होईल," हेमलता म्हणाली. "यांना नाही, गावालाच पहिल्यासारखं करायचं."

तिने प्रिंटरच्या कंपनीला फोन लावला.

"तुमच्या मशीनमध्ये कडेला काही छापलं जात नाही. ती जागा मिळेल का?"

"कडेची जागा आमची असते, मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला.

"तुमची म्हणजे?"

"कागद कुठेतरी धरावा लागतो."

हेमलताने आभार मानून फोन ठेवला. तिला राग आला नाही. धरायला जागा लागते हे तिला पटलं. तिने फाइल पुन्हा उघडली आणि गाव दोन कागदांवर घ्यायचं ठरवलं, पूर्ण मापात. अर्धं एकावर, अर्धं दुसऱ्यावर, भोवती हवी तेवढी मोकळी जागा. मधल्या कडा कापून दोन्ही कागद जोडायचे.

"मावशी, कुठून कापू? गावात जिथे काहीच नाही अशी एक रेघ सांगा."

जानकी बराच वेळ नकाशावर वाकून राहिली. "काहीच नाय अशी जागा नाय गं बाय," ती म्हणाली. मग तिने वरून खाली बोट ओढलं. "या पाणंदीनं काप. माणसं ती तशीही ओलांडतातच."

दोन्ही कागद गरम गरम बाहेर आले. हेमलताने पट्टी ठेवून पाणंदीच्या मधोमध कापलं. डिंक लावून तिने कागद जुळवले. रेघेला रेघ मिळाली. मुकादमांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "शाबास. डिंक वाळला की उद्या सकाळी नेतो."

"वाळेपर्यंत मी तिकडे जाऊन बघते," हेमलता म्हणाली.

दोघी चारच्या गाडीने आंबेशेतला उतरल्या. घर पूर्ण मापाचं होतं. जानकी न वाकता आत गेली, तिने चुलीवर टोप ठेवला आणि तो बसला. फणस जागेवर होता. पार्वती ओसरीवरून सरळ नजरेत बघून म्हणाली, "आलीस का? कुठं होतीस सकाळपासनं?"

पाणंदीच्या मधोमध मात्र केसाएवढी रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओल्या डिंकाची, चकचकीत. जानकीच्या घरासमोर तिची एक बाजू उचलली जात होती. त्या बाजूचे दगड, माती आणि एक कोंबडी हळूहळू वर येत होती.

हेमलताने चपला काढल्या, गुडघे टेकले आणि दोन्ही तळव्यांनी पाणंद दाबली. जमीन खाली बसली. हात काढला तशी पुन्हा उचलली.

"वाळेपर्यंत वजन पाहिजे," ती म्हणाली.

जानकी येऊन रेघेवर मांडी घालून बसली. "हे माजं. तू पुढचं दाब."

हेमलता हातभर पुढे सरकली आणि दाबलं. पार्वती ओसरीवरून उतरून तिच्या मागे बसली. मग पलीकडच्या घरातला एक माणूस सूप घेऊनच आला आणि बसला. हेमलता दाबत पुढे जात होती आणि तिच्यामागे माणसं एकेक करून रेघेवर बसत होती. तिने मान वर केली. पाणंदीचं दुसरं टोक घरांच्या वर गेलं होतं आणि आभाळाकडे वळत होतं.